घरच्या घरी पाणी आणि बुडबुड्यांचे फोटो, तेही मोजक्या दिव्यांत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्याचे फोटो काढायला बसलं की पहिली तक्रार ठरलेली असते: "दिवे कमी पडतात." बहुतेक वेळा दिवे पुरेसे असतात, पण चुकीच्या जागी असतात. खालच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हा मुद्दा या ना त्या रूपात येईल, कारण या प्रकारच्या छायाचित्रणात तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

माझ्याकडे एकच टेबल लॅम्प आहे. एवढ्यावर भागेल का?

भागेल. पाणी पारदर्शक असल्यामुळे समोरून टाकलेला प्रकाश त्यातून सरळ आरपार जातो. पृष्ठभागावरून परत येतो तो जेमतेम दोन टक्के. म्हणून कॅमेऱ्याच्या बाजूने कितीही मोठा दिवा लावला तरी पाणी "उजळत" नाही. दिव्याचा एक पांढरा ठिपका तेवढा दिसतो आणि बाकी सगळं मळकट, सपाट येतं.

पाण्याला स्वतःचा रंग नाही, पोत नाही. आपल्याला दिसतं ते त्याच्यामागचं काहीतरी वाकून आलेलं, नाहीतर त्याच्यावर पडलेलं एखादं प्रतिबिंब. त्यामुळे दिवा पाण्यावर न मारता पाण्यामागच्या वस्तूवर मारायचा. एक दिवा, एक पांढरा कागद आणि एक काळा कागद एवढ्या सामानात महिनाभर करता येतील इतके प्रयोग आहेत. दुसरा दिवा घेण्याआधी या एका दिव्याच्या जागा बदलून पाहा.

मग दिवा नेमका ठेवायचा कुठे?

दोन मूळ पद्धती आहेत. काचेच्या वस्तूंचे फोटो काढणारे पूर्वीपासून याच वापरतात आणि पाण्यालाही त्या तशाच्या तशा लागू पडतात.

पहिली उजळ पार्श्वभूमीची. ग्लासच्या मागे साधारण हातभर अंतरावर ट्रेसिंग पेपर किंवा पातळ पांढरा कापड ताणून लावा आणि त्याच्या मागून दिवा टाका. कागद उजळतो, पाणी स्वच्छ दिसतं आणि ग्लासच्या, थेंबांच्या, बुडबुड्यांच्या कडा काळ्या रेघेने आखल्यासारख्या उठून येतात. या काळ्या कडा येतात कुठून? कडेजवळचं पाणी प्रकाश जास्त वाकवतं, त्यामुळे तिथून आपल्याला उजळ कागदाऐवजी त्याच्या बाजूचा अंधार दिसतो. म्हणजेच उजळ भाग चौकटीत जेमतेम मावेल एवढाच हवा. तो फार मोठा झाला तर कडांनाही तोच प्रकाश मिळतो आणि रेघा फिकट पडतात. हा बदल बघायचा असेल तर व्ह्यूफाइंडरमध्ये बघत कागदाच्या दोन्ही बाजूंनी काळी कार्डं हळूहळू आत सरकवा. कार्ड चौकटीच्या कडेला भिडलं की बुडबुड्याची कड एकदम गडद होते.

दुसरी पद्धत याच्या उलट, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीची. ग्लासच्या थेट मागे काळा कागद किंवा काळा कापड लावायचा आणि दिवा मागच्या बाजूला पण चौकटीच्या बाहेर, तिरका ठेवायचा. आता मधला भाग काळा राहतो आणि कडा चमकतात. उडणारे शिंतोडे, फवाऱ्याचे बारीक कण, वर चढणारे बुडबुडे यांसाठी मला हीच पद्धत पसंत आहे. प्रकाश कमी असतानाही ती जास्त साथ देते, कारण चमकणारा भाग खरंच तेजस्वी असतो आणि बाकीचं काळंच हवं असतं. फक्त दिव्याचा प्रकाश थेट लेन्समध्ये शिरता कामा नये. दिवा आणि लेन्स यांच्यामध्ये पुठ्ठ्याचा तुकडा उभा करा.

खिडकीचा प्रकाश चालतो का?

उत्तम चालतो. पातळ पांढरा पडदा लावलेली खिडकी म्हणजे तयार उजळ पार्श्वभूमीच. ग्लास खिडकीसमोर, कॅमेरा खोलीच्या आतल्या बाजूला. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, नाहीतर ग्लासच्या पुढच्या बाजूवर त्यांचे ठिपके दिसतील आणि दोन रंगांचा प्रकाश मिसळून व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा समतोल) बिघडेल.

प्रकाश वाढवायचाय, पण दिवा तेवढाच आहे. काय करू?

जवळ आणा. लहान दिव्याचं अंतर निम्मं केलं की प्रकाश चौपट होतो. एक मीटरवरचा लॅम्प अर्ध्या मीटरवर आणणं म्हणजे तसेच चार लॅम्प लावणं. शिवाय जवळ आणलेला, कागदाआडचा दिवा वस्तूच्या मानाने मोठा ठरतो, म्हणून प्रकाशही मऊ होतो. समोरच्या बाजूला पांढरं कार्ड ठेवलं तर वाया जाणारा थोडा प्रकाश परत येतो.

जवळून फोटो काढताना आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. वस्तू सेन्सरवर प्रत्यक्षातल्या आकाराएवढी उमटेल इतकं जवळ गेलात, तर साधारण दोन स्टॉप प्रकाश कमी पोचतो, म्हणजे एक चतुर्थांशच उरतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). मॅक्रोमध्ये, म्हणजे अगदी जवळून काढलेल्या फोटोंत, "एवढा अंधार कसा?" असं वाटतं त्याचं कारण हेच.

एलईडी दिव्यात फोटोवर आडवे पट्टे येतात. कॅमेरा खराब झालाय का?

नाही. विजेच्या प्रवाहाबरोबर अनेक एलईडी दिवे मिणमिणतात. ५० हर्ट्‌झचा पुरवठा असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० हर्ट्‌झचा असेल तर १२० वेळा. डोळ्यांना ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. स्थिर विषयासाठी शटर १/५० किंवा १/१०० सेकंद (६० हर्ट्‌झला १/६० किंवा १/१२०) ठेवा, पट्टे जातील. वेगवान शटर हवंच असेल तर बॅटरीवर चालणारा टॉर्च किंवा सूर्यप्रकाश वापरून पाहा. काही टॉर्च मंद केल्यावर मिणमिणतात, म्हणून ते पूर्ण तेजावर ठेवा.

पडणारा थेंब दरवेळी लांबुडका, पुसट येतो. शटर १/२५० आहे, तरी असं का?

थोडा हिशेब करू. ३० सेंटिमीटरवरून सुटलेला थेंब खाली पोचेपर्यंत सेकंदाला सुमारे २.४ मीटर वेग घेतो. १/२५० सेकंदात तो जवळजवळ एक सेंटिमीटर सरकतो. ड्रॉपरमधून पडणारा थेंब स्वतःच अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा लहान असतो. म्हणजे शटर उघडं असताना तो स्वतःच्या दुप्पट अंतर कापून गेला, मग गोल कसा दिसणार? १/१००० ला हे अंतर २.४ मिलिमीटर, १/४००० ला ०.६ मिलिमीटर. बऱ्यापैकी कडक थेंब तिथे कुठे मिळायला लागतो.

आणि १/४००० ला घरातला टेबल लॅम्प पुरत नाही. त्यामुळे थेंब गोठवायचं काम शटरकडून काढून फ्लॅशकडे द्यायचं.

फ्लॅश थेंब कसा गोठवतो? शटर तर १/२०० च असतं ना?

खोलीत अंधार असेल तर शटर किती वेळ उघडं आहे याला महत्त्व राहत नाही. फ्लॅश चमकतो तेवढ्याच क्षणाची नोंद होते. साध्या, कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशचा झोत पूर्ण ताकदीवर १/२५० ते १/१००० सेकंद टिकतो, पण ताकद कमी केली की झोत आखूड होत जातो. १/३२, १/६४, १/१२८ अशा कमी ताकदीवर तो १/२०,००० सेकंदाच्या आसपास किंवा त्याहूनही आखूड असतो. मघाचाच थेंब तेवढ्या वेळात ०.१२ मिलिमीटर सरकतो, म्हणजे गोठल्यातच जमा.

इथे बरेच जण उलटं करतात. प्रकाश कमी वाटला की फ्लॅशची ताकद वाढवतात आणि थेंब पुन्हा पुसट होतो. ताकद १/३२ च्या वर नेऊ नका. त्याऐवजी फ्लॅश जवळ आणा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) ४०० किंवा ८०० करा. हायस्पीड सिंकही बंदच ठेवा, कारण त्या मोडमध्ये फ्लॅश एकच आखूड झोत देण्याऐवजी शटर उघडं असेपर्यंत सलग धडधडत राहतो आणि गोठवण्याचा गुण जातो.

ही युक्ती जुनी आहे. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ आर्थर वर्दिंग्टन यांनी विजेच्या ठिणगीच्या उजेडात शिंतोड्यांचे फोटो एकोणिसाव्या शतकातच काढले होते. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांचा दुधाच्या थेंबाच्या मुकुटाचा प्रसिद्ध रंगीत फोटो १९५७ चा. दोघांकडेही आजच्या कॅमेऱ्यांसारखं शटर नव्हतं, प्रकाशाचा क्षण मात्र अतिशय आखूड होता.

फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवायचाय, पण ट्रिगर (फ्लॅश दुरून उडवणारं उपकरण) नाही.

खोली काळोखी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, शटर एक सेकंद, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा मोठा तेवढं छिद्र लहान) एफ/११ च्या आसपास, आयएसओ ४००. शटर उघडलं की थेंब सोडा आणि फ्लॅशवरचं टेस्ट बटण हाताने दाबा. सुरुवातीला वेळ चुकते, पण ही गोष्ट हाताला लवकर समजते. आधी फ्लॅश न उडवता एक फोटो काढून पाहा. तो पूर्ण काळा आला पाहिजे. त्यात काही दिसत असेल तर खोलीत अजून उजेड आहे आणि तो थेंबामागे धूसर शेपटी सोडेल.

फ्लॅशचं तोंड पाण्याकडे न करता मागच्या पांढऱ्या किंवा रंगीत कार्डाकडे करा. थेंबात आणि पाण्याच्या लाटांत त्या कार्डाचा रंग उतरतो.

फ्लॅशच नाही. मग पडणाऱ्या थेंबाचा नाद सोडायचा का?

सोडू नका, ऊन वापरा. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि एफ/२.८ ला शटर साधारण १/३२०० मिळतं. आयएसओ ४०० केलं तर त्याच्याही पलीकडे जाता येतं. उन्हाचा पट्टा जमिनीवर पडेल अशी वेळ गाठा, भांडं तिथे ठेवा आणि ऊन मागून किंवा बाजूने येईल असे उभे राहा. घरात फुकट मिळणारा याहून ताकदवान दिवा नाही. तीन गोष्टी सांभाळा: कॅमेरा सूर्याकडे रोखू नका, व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहू नका, आणि पाण्याने भरलेलं गोल भांडं कागद-कापडाजवळ उन्हात ठेवून निघून जाऊ नका. ते भिंगासारखं ऊन एकवटतं आणि कागद पेटू शकतो.

थेंब नेमका कधी टिपायचा? बोट नेहमी उशिराच पडतं.

डोळ्यांनी पाहून बोट दाबायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. ३० सेंटिमीटरवरून थेंब पडायला पाव सेकंद लागतो. म्हणजे थेंब पाण्याला भिडताना पाहून बटण दाबलं तर उशीर ठरलेला. थेंब वरून सुटताना पाहा आणि तेव्हाच दाबा. तरी फोटो उशिराचे येत असतील तर थेंबाची उंची वाढवा, लवकरचे येत असतील तर कमी करा. स्वतःचा वेग बदलण्यापेक्षा उंची बदलणं कितीतरी सोपं.

थेंब एकसारख्या अंतराने पडायला हवेत. भोक पाडलेली पिशवी कशीबशी टांगण्यापेक्षा स्टँडला घट्ट बांधलेला ड्रॉपर किंवा बारीक चिमटा लावलेली नळी बरी. थेंब दरवेळी त्याच जागी पडला तरच फोकस टिकतो.

पाण्यात घडणारा क्रमही माहीत असू द्या. थेंब भिडताच कडेने पातळ मुकुट उठतो, त्याखाली खड्डा पडतो, खड्डा भरून येताना मधून पाण्याचा खांब वर झेपावतो आणि त्याच्या टोकावरून एखादा छोटा थेंब सुटतो. हा खांब वर्दिंग्टन यांच्या नावानेच ओळखला जातो. मुकुट क्षणात विरतो, खांब मात्र त्या मानाने बराच वेळ उभा असतो, म्हणून हाताने टिपताना आधी खांबाच्या मागे लागा. दुसरा थेंब अचूक त्या खांबाच्या टोकावर आदळला तर छत्रीसारखा आकार पसरतो. हातावर हा योग क्वचित जुळतो. तो वारंवार हवा असेल तरच इलेक्ट्रॉनिक टायमरचा विचार करा.

फोकस लागतच नाही. कॅमेरा पुढे-मागे शोधत राहतो.

ऑटोफोकस बंद करा. थेंब जिथे पडतो तिथे भांड्यावर एक पट्टी आडवी ठेवा आणि तिच्यावर पेन्सिलची खूण करा. दोन-चार थेंब सोडून ते नेमके त्या खुणेवर पडताहेत ना हे पाहा, खुणेवर मॅन्युअल फोकस करा, मग पट्टी काढा. यानंतर भांडं, ड्रॉपर, कॅमेरा काहीही हलवायचं नाही.

अ‍ॅपर्चर एफ/८ ते एफ/१६ च्या दरम्यान ठेवा. जवळून काढताना फोकसमध्ये येणारा भाग फारच उथळ असतो, म्हणून एफ/२.८ ला थेंबाचा पुढचा भाग कडक आणि मागचा पुसट येतो. एफ/१६ च्या पुढे गेलं तर विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो) सगळाच फोटो किंचित मऊ पडतो.

मोबाइलवर यातलं काय काय जमतं?

स्थिर किंवा संथ असलेलं सगळं: काचेवरचे थेंब, ग्लासला चिकटलेले बुडबुडे, साबणाचा पडदा, तेलाचे थेंब. आधी लेन्स पुसा. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, मग एक्स्पोजर थोडं कमी करा. तेजस्वी ठिपके जळून गेले तर ते नंतर परत मिळत नाहीत. प्रो मोड असेल तर आयएसओ आणि शटर हातात ठेवा.

मोबाइलचा "फ्लॅश" हा खरं तर सलग पेटणारा छोटा एलईडी असतो. तो थेंब गोठवत नाही, त्यामुळे मघाचं फ्लॅशचं गणित त्याला लावू नका. तो समोरूनच पडतो, म्हणजे जागाही चुकीची. बंद ठेवा. दुसरा मोबाइल टॉर्च म्हणून कागदाआड ठेवला तर मात्र छान मागचा दिवा होतो.

मॅक्रो मोडमध्ये मोबाइल इतका जवळ न्यावा लागतो की त्याचीच सावली पडते. प्रकाश मागून असेल तर हा प्रश्न उरत नाही.

पडत्या थेंबासाठी उन्हात सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या आणि त्यातली फ्रेम उचला. फुल एचडी फ्रेम म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल, मोठी छपाई होणार नाही. पण मुकुट, खड्डा, खांब हा क्रम डोळ्यांखालून घालायला याहून चांगला मार्ग नाही.

ग्लासच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे चिकटतात. ते नको असतील तर?

ती पाण्यात विरघळलेली हवा आहे. थंड पाण्यात हवा जास्त विरघळते. पाणी खोलीच्या तापमानाला येऊ लागलं की ती बाहेर पडते आणि काचेवरच्या बारीक ओरखड्यांवर, धुळीच्या कणांवर बुडबुड्याच्या रूपाने धरते. पाणी उकळून झाकून गार करा, म्हणजे बरीच हवा निघून जाईल. ओतताना ग्लास तिरका धरून कडेने ओता. पाण्यात एखादी वस्तू बुडवायची असेल तर ती आधी भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून ओली करा, तिच्यावर बुडबुडे कमी चिकटतात.

आणि हवेच असतील तर?

मग वरचं सगळं उलट करा: थंड, ताजं पाणी घ्या आणि ग्लास उबदार खोलीत अर्धा तास तसाच ठेवा. सुरुवात याच बुडबुड्यांपासून करावी असं मी आग्रहाने सांगेन. ते हलत नाहीत, त्यामुळे ट्रायपॉडवर अर्धा सेकंद शटर ठेवलं तरी चालतं आणि सगळं लक्ष दिव्याकडे देता येतं. एकाच बुडबुड्याचा फोटो दिवा मागे, बाजूला, वर, खाली ठेवून काढा. उजळ पार्श्वभूमीवर तो काळ्या कड्यासारखा दिसेल. काळ्यावर त्याची एक बाजू चंद्रकोरीसारखी पेटेल. खालून टॉर्च लावला तर त्याचं पोट उजळेल.

वर चढणारे बुडबुडे हवे असतील तर सोडा वॉटर घ्या किंवा बारीक नळीने हवा सोडा. काही मिलिमीटरचा बुडबुडा सेकंदाला साधारण २० ते ३० सेंटिमीटर चढतो, म्हणजे मघाच्या पडत्या थेंबाच्या दहाव्या भागाइतका वेग. १/५०० ला तो अर्धा मिलिमीटर सरकतो. टेबल लॅम्प अगदी जवळ आणून, काळ्या पार्श्वभूमीवर, आयएसओ १६०० ला हा वेग आवाक्यात येतो. चपट्या बाजूंचं भांडं घ्या, गोल ग्लासमध्ये कडेचे बुडबुडे ताणलेले दिसतात. काचेवर स्वतःचं प्रतिबिंब पडू नये म्हणून गडद कपडे घाला आणि काळ्या कार्डाला लेन्सएवढं भोक पाडून ते लेन्ससमोर धरा.

साबणाच्या फुग्याचे रंग डोळ्यांना दिसतात, फोटोत मात्र फुगा जवळजवळ अदृश्य. का?

साबणाचा पडदा काही शे नॅनोमीटर जाड असतो. त्याच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. पडद्याच्या जाडीनुसार काही रंग बळावतात, काही पुसले जातात. म्हणजे हे रंग म्हणजे परावर्तित प्रकाशच. पडदा ज्या दिशेचं प्रतिबिंब दाखवतो त्या दिशेला काही उजळ नसेल तर रंगही नाहीत. छोटा दिवा असेल तर रंगीत भागही त्या दिव्याच्या प्रतिबिंबाएवढाच, एक ठिपका.

म्हणून इथे दिव्याच्या ताकदीपेक्षा त्याचं क्षेत्रफळ महत्त्वाचं. फुग्यापेक्षा सपाट पडदा सोपा: तारेचं कडं साबणाच्या पाण्यात बुडवून उभं धरा, क्लिपने स्टँडला लावा. त्याच्यामागे काळा कापड. एका बाजूला मोठा ट्रेसिंग पेपर किंवा पांढरी चादर, तिच्यामागून दिवा. आता कॅमेरा समोरच्या बाजूला इतका तिरका न्या की कड्यात आरशासारखी ती पांढरी चादर दिसू लागेल. जितका भाग चादरीने भरेल तितका रंगाने भरेल. दिवा आणि कॅमेरा दोघेही पडद्याशी सारखाच कोन करतात, ४५ अंशांपासून सुरुवात करा.

मग थोडं थांबा, कारण पडदा स्वतःच बदलत जातो. पाणी खाली ओघळतं, वरचा भाग पातळ होतो, रंगांचे आडवे पट्टे पडतात आणि हळूहळू खाली सरकतात. सगळ्यात वर आधी चंदेरी आणि मग काळा पट्टा दिसू लागतो. तिथे पडदा इतका पातळ झालेला असतो की दोन्ही पृष्ठभागांवरचे किरण एकमेकांना जवळजवळ पूर्ण मिटवतात. काळा पट्टा दिसला की पडदा फुटायच्या बेतात आहे असं समजा आणि पटापट फोटो काढा. स्ट्रॉने कडेवरून अगदी हलकी फुंकर मारली तर पट्टे मोडून भोवरे तयार होतात. हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. इतक्या कमी साहित्यात इतकं वेगवेगळं दृश्य दुसरीकडे मिळत नाही.

फुगे लगेच फुटतात. काही उपाय?

साबणाच्या पाण्यात थोडं ग्लिसरीन घाला. त्याने पाणी सावकाश उडतं. नळाचं पाणी जड असेल तर त्यातले क्षार साबणाला बाधतात, म्हणून डिस्टिल्ड पाणी वापरा. मिश्रण काही तास झाकून ठेवा आणि फेस वरून काढून टाका. पंखा बंद करा. कोरड्या हवेत फुगे कमी टिकतात, म्हणून फोटो काढायच्या जागी आधी पाण्याचा फवारा मारा.

हवेतला फुगा फोटोसाठी त्रासदायकच. त्याऐवजी ओल्या बशीवर अर्धगोल फुगा फुगवा, स्ट्रॉही ओली हवी. कोरडी वस्तू लागली की फुटला, ओली लागली तर चालतं. बशीवर तीन-चार फुगे एकमेकांना जोडले तर आतले पडदे नेहमी तीन-तीन करून १२० अंशांच्या कोनात भेटतात. जोसेफ प्लातो या बेल्जियन शास्त्रज्ञाने हे नियम एकोणिसाव्या शतकात मांडले. वरून सरळ खाली पाहून हे सांधे टिपले की फार सुरेख नक्षी मिळते.

फुग्यात खिडकी दोनदा दिसते, एक सुलटी आणि एक उलटी. नको आहे.

पुढचा बाहेर फुगलेला पृष्ठभाग सुलटं प्रतिबिंब देतो, मागचा आतून पोकळ असलेला पृष्ठभाग उलटं. दोन्ही घालवता येणार नाहीत, मात्र प्रतिबिंबाचा आकार ठरवता येतो. खिडकीऐवजी गोल कापलेल्या ट्रेसिंग पेपरमागे दिवा ठेवला तर दोन मऊ गोल दिसतील आणि ते खटकत नाहीत.

थेंबाच्या आत फूल दिसतं तसा फोटो कसा काढायचा?

थेंब हे लहानसं भिंग आहे. पानाच्या किंवा गवताच्या टोकावर ड्रॉपरने थेंब ठेवा, मागे पाच-दहा सेंटिमीटरवर फूल, आणि दिवा फुलावर. थेंबावर दिव्याची गरज नाही. प्रतिमा उलटी दिसते, म्हणून फूल देठ वर करून लावा. फोकस थेंबाच्या कडेवर करू नका, आतल्या प्रतिमेवर करा. ती कडेपेक्षा थोडी वेगळ्या अंतरावर असते. पाण्यात निम्मं ग्लिसरीन मिसळलं तर थेंब लवकर सुकत नाही आणि गोलाई धरून राहतो. काचेवर फवारलेल्या थेंबांसाठीही हेच मिश्रण वापरा.

पाण्यात रंग मिसळू का?

शक्यतो नको. भांडं डागाळतं, प्रत्येक वेळी पाणी बदलावं लागतं. पाणी स्वच्छ ठेवून मागचं कार्ड बदलणं सोपं. मुकुटाचा आकार ठळक हवा असेल तर पाण्यात थोडं दूध घाला. ते अपारदर्शक होतं आणि बाजूचा प्रकाश त्याच्यावर नीट पकडला जातो.

पाणी-तेलाचे रंगीत गोल कसे काढतात?

पारदर्शक तळाच्या काचेच्या भांड्यात पाणी, वर थोडे तेलाचे थेंब. भांडं दोन्ही बाजूंनी टेकू देऊन वीसेक सेंटिमीटर उचला, खाली रंगीत कागद, दिवा त्या कागदावर. कॅमेरा बरोबर वरून, भांड्याशी समांतर. कागद फोकसच्या बाहेर जाऊन रंगांचे मऊ ठसे उरतात. पाण्यात साबणाचा एक थेंब घातला तर मोठे तवंग मोडून लहान गोल तयार करणं सोपं जातं. भांडं ढवळल्यावर पाणी स्थिरावेपर्यंत थांबा.

पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावावा का?

पाण्याच्या आतलं काही दाखवायचं असेल आणि वरची चमक नको असेल तर लावा. पाण्याच्या पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेपासून सुमारे ५३ अंशांवरून पाहिलं तर त्याचा परिणाम सगळ्यात जास्त. साबणाच्या पडद्याला मात्र अजिबात नको, त्याचे रंग परावर्तनातूनच येतात आणि पोलरायझर तेच कापतो. शिवाय तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो.

वीज आणि पाणी एकत्र. काळजी काय घ्यायची?

एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर किंवा भांड्याच्या पातळीखाली ठेवू नका. वायर प्लगपर्यंत जाण्याआधी खाली झोळ घेऊन मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खालीच टपकतं. ओल्या हाताने स्विच नको. हॅलोजनसारखे तापणारे बल्ब थंड पाण्याचा शिंतोडा लागला की तडकू शकतात, त्यामुळे इथे एलईडीच वापरा. शक्य असेल तर बॅटरीवरचे दिवे घ्या. फ्लॅश पातळ पारदर्शक पिशवीत गुंडाळा, पण सतत चमकवत राहिलात तर तो तापतो, मधूनमधून पिशवी काढा. लेन्सपुढे साधा यूव्ही फिल्टर लावला तर शिंतोडे त्याच्यावरच राहतात. साबणाचं पाणी सांडलेली फरशी लगेच पुसा, अंधारात घसरायला वेळ लागत नाही.

फोटोत धुळीचे खूप ठिपके येतात. एडिटिंगमध्ये काढू का?

काढता येतील, पण काळ्या पार्श्वभूमीवर मागून प्रकाश टाकला की धुळीचा प्रत्येक कण पाण्याइतकाच चमकतो आणि ते शेकड्याने असतात. ग्लास साबणाने धुऊन मायक्रोफायबरच्या कापडाने पुसा, बोटं फक्त काठाला लावा. पाणी गाळून घ्या. नळाचं पाणी काचेवर सुकलं की क्षारांचे पांढरट डाग पडतात, तेही फोटोत दिसतात. म्हणून बाहेरची बाजू पुसल्याशिवाय तशीच सुकू देऊ नका. एडिटिंगमध्ये काळा रंग थोडा आणखी खाली खेचला तरी बरेच बारीक ठिपके त्यात विरून जातात. उरलेले हाताने काढा, पण मुकुटाभोवती उडालेले खरे कण त्यात पुसले जाणार नाहीत हे पाहा.